वाइड-अँगल व्हिडिओ : ताण कुठे ठेवायचा हे ठरवा

वाइड-अँगल आणि ३६० अंशांच्या व्हिडिओच्या कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, ‘डिस्टॉर्शन (चित्रातला वाकडेपणा किंवा ताण) पूर्ण घालवणारं सॉफ्टवेअर कोणतं?’ तसं सॉफ्टवेअर नाही. का नाही, हे सुरुवातीलाच समजून घ्या.

डिस्टॉर्शन दोन प्रकारचं असतं. सरळ भिंत बाहेर फुगलेली दिसते, तो पहिला प्रकार, लेन्सचा दोष. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील तक्ता वेगवेगळ्या कोनांतून टिपायचा, ओपनसीव्ही या सॉफ्टवेअर लायब्ररीत कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे लेन्स किती वाकवते ते मोजायचं, की तो जवळजवळ निघून जातो. दुसऱ्या प्रकारात लेन्सचा काही संबंध नाही. गोलावरचं दृश्य सपाट पडद्यावर उतरवलं (यालाच प्रोजेक्शन म्हणतात) की कुठेतरी ताण येणारच. गोल पृष्ठभाग ताण न देता सपाट होत नाही हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच सिद्ध केलं. हा ताण फक्त इकडून तिकडे सरकवता येतो.

१२० अंश रुंदीचं दृश्य रेक्टिलिनिअर प्रोजेक्शनमध्ये आणा. सगळ्या सरळ रेषा सरळ राहतील, पण डाव्या-उजव्या कडेला उभा असलेला माणूस रुंदीत चौपट आणि उंचीत दुप्पट ताणला जाईल. ९० अंशांना हेच आकडे दोन आणि १.४ वर येतात, म्हणून तिथपर्यंत मी निर्धास्तपणे रेक्टिलिनिअर वापरते. स्टिरिओग्राफिक प्रोजेक्शनमध्ये चेहऱ्यांचा आकार टिकतो, खांब मात्र वाकतात. देवळाचा सभामंडप किंवा अरुंद गल्ली असेल तर माझी पसंती पानीनी प्रोजेक्शनला : उभ्या रेषा ताठ राहतात, मध्यातून निघणाऱ्या रेषाही सरळ राहतात, वाकतात त्या बाकीच्या आडव्या.

फोटोचं एवढ्यावर भागतं. व्हिडिओत कॅमेरा फिरतो आणि तोच माणूस कडेला फुगतो, मध्यावर आला की बारीक होतो. प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा वेगळा दुरुस्त करत बसलात, तर मागची भिंत लाटेसारखी हलायला लागते, आणि ते मूळ ताणापेक्षा जास्त खुपतं. म्हणून एका शॉटला एकच प्रोजेक्शन, तेच आकडे. क्रमही महत्त्वाचा : आधी लेन्सची दुरुस्ती, मग स्टॅबिलायझेशन (हादरे काढणं), शेवटी प्रोजेक्शन. ताणलेल्या चित्रावर स्टॅबिलायझेशन केलं की कडा थरथरतात.

३६० च्या कॅमेऱ्यात सांध्याचा प्रश्न वेगळा. त्यात दोन लेन्सची चित्रं जोडलेली असतात, पण दोन्ही लेन्स एका बिंदूवर नसतात, त्यामुळे सांध्याजवळची वस्तू दुहेरी किंवा तुटलेली दिसते. शूटिंगच्या वेळीच कॅमेरा असा वळवा की सांध्यावर जवळचं माणूस येणार नाही. रेझोल्यूशनही तेव्हाच ठरवा. ३८४० पिक्सेल रुंदीच्या पूर्ण गोलातून ९० अंश कापले तर हाती जेमतेम ९६० पिक्सेल राहतात.

सरावासाठी एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला व्ही३६० फिल्टर घ्या, तो मोफत आहे. माणसं आणि खांब दोन्ही असलेली एकच क्लिप तिन्ही प्रोजेक्शनमध्ये काढा, शेजारी शेजारी लावा आणि मध्यभाग हाताने झाकून फक्त कडा बघा.