पेपर टाकण्याआधी: नोटीस, रजा आणि हिशेब

राजीनाम्याचा मेल लिहायला घेण्याआधी नियुक्तीपत्र शोधून काढा. एचआरकडे मागू नका, तिथे लगेच कुणकुण लागते; जॉइन होतानाच्या मेलमध्ये किंवा पोर्टलवर ते बहुधा सापडतं. नोटीस किती दिवसांची, ती कमी करून देणं कोणाच्या हातात, आणि बायआउटची (नोटीस पूर्ण न भरता पैसे देऊन सुटण्याची) रक्कम बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर म्हणजे एकूण पगारावर, एवढं त्यातून नेमकं वाचून घ्या. प्रोबेशन संपून कन्फर्म झाल्यावर नोटीस बऱ्याचदा वाढते. पुण्यातल्या आयटीवाल्यांना 90 दिवस काही नवे नाहीत. जॉइनिंग बोनस परत करायची अट किंवा बाँड (ठरावीक वर्षं नोकरी करा, नाहीतर पैसे भरा असा करार) आहे का, तेही पाहा. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली.

नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात असू द्या, जॉइनिंगची तारीख आणि पगाराच्या फोडीसकट. ‘फायनल झालंय, पत्र येईलच’ या फोनवर पेपर टाकू नयेत.

आता शेवटचा दिवस ठरवा. ही तारीख लोक नव्या कंपनीच्या घाईवर सोडतात आणि पैसे तिथेच जातात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांनुसार कंपनी सोडताना देते ती एकरकमी रक्कम, साधारण पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळते आणि नोटीसचे दिवसही नोकरीतच धरतात. हिशेब साधारण असा: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. वरचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, कमी असले की सोडून देतात. बेसिक-डीए 40 हजार असेल तर एका वर्षाचे सुमारे 23 हजार होतात. म्हणजे सहा वर्षं पाच महिन्यांऐवजी सहा वर्षं सात महिन्यांनी बाहेर पडलात, तर तेवढे जास्त. चार वर्षं 240 दिवस भरले तरी चालतं असं म्हणतात, आणि त्या बाजूचे न्यायालयीन निर्णयही आहेत. पण सगळ्या कंपन्या ते मुकाट्याने मानत नाहीत. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर पाच वर्षं भरूनच निघा, भांडत बसण्यापेक्षा ते स्वस्त.

त्याच हिशेबात वार्षिक बोनस किंवा व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) बसवा. पैसे जमा होण्याच्या दिवशी तुम्ही नोटीसवर नसावं, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

रजेचा स्क्रीनशॉट मेल पाठवण्याआधी काढा. सीएल (नैमित्तिक रजा) बहुतेक बुडतात, पीएलचे (साठणाऱ्या भरपगारी रजेचे) पैसे मिळतात, तेही बऱ्याचदा बेसिकवर. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत. वर्षात 240 दिवस काम झालं असेल तर दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. व्यवस्थापकीय पदांना मात्र हा कायदा लागू नाही. शिल्लक पीएल नोटीसमध्ये वळती करून लवकर सुटता येईल हे गृहीत धरू नका. पॉलिसीत असेल किंवा मॅनेजरने लेखी दिलं असेल तरच. उलट नोटीसमध्ये घेतलेल्या रजेमुळे शेवटचा दिवस पुढे ढकलला जाऊ शकतो. गणपतीला गावी जायचं असेल तर आधीच विचारून घ्या. खासगी नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशावर करसवलतीची कमाल मर्यादा 25 लाख आहे, पण ती सगळ्या नोकऱ्या मिळून आयुष्यभराची, आणि आयकराच्या सूत्रातून सवलत याहून कमीही निघू शकते.

ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत पेस्लिप, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), अप्रायझलची पत्रं उतरवून घ्या. फक्त स्वतःची कागदपत्रं. क्लायंटच्या फायली नाहीत. पोर्टलवर बँक खातं, खासगी मेल आणि मोबाइल नंबर बरोबर आहेत ना, ते पाहा.

घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर कंपनीचा मेडिक्लेम नक्की कधी संपतो ते विचारा, बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच. आईवडील त्यात असतील तर स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्यायला हवी.

मग मॅनेजरशी बोला आणि त्याच दिवशी मेल टाका. दोन ओळी पुरेत: राजीनामा देत आहे, नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस अमुक. कारणांचा पाढा नको. राजीनामा स्वीकारल्याचं आणि शेवटच्या दिवसाचं उत्तर लेखी मागा. लॅपटॉप, आयडी परत केल्याची पोच घ्या.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक) ट्रान्स्फर करा. पाच वर्षांच्या आत काढलात तर सहसा कर लागतो. ट्रान्स्फर केलंत तर आधीची वर्षं मोजली जातात. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन टाकता येते. नव्या कंपनीला या वर्षीचा आधीचा पगार आणि कापलेला कर कळवा. नाहीतर दोघेही स्टँडर्ड डिडक्शन देतात आणि जुलैत रिटर्न भरताना राहिलेला कर एकदम खिशातून जातो.

फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब चुकता करायला, अनेक कंपन्या 30 ते 45 दिवस सांगतात. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मात्र राजीनाम्यानंतर वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. मेलमध्ये तिचा सभ्य उल्लेख करायला हरकत नाही. हिशेबाचा कागद आला की शेवटच्या महिन्याचे दिवस, पीएल, नोटीसची वसुली (न भरलेल्या दिवसांपोटी कापलेली रक्कम) एकेक ताडून पाहा. नोटीसच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला तर तो काढायला लावा, ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार तो लागत नाही.