फोमचं चिलखत ट्रेनमध्ये चेपू नये म्हणून

बडोद्याहून मुंबईच्या कॉमिक कॉनला (कॉमिक्स-सिनेमातल्या पात्रांसारखे पोशाख घालून चाहते जमतात तो मेळावा) मित्रांसोबत ट्रेनने जाताना फोमचं चिलखत हमखास चेपतं. मेहनतीच्या पोशाखाची ही दशा बघवत नाही.

१. छाती, खांदे, हेल्मेट यांच्या पोकळीत रोजचे कपडे ठासून भरा. आकार टिकतो, कपड्यांची वेगळी बॅगही वाचते.
२. लहान भाग मोठ्यात बसवून सगळं आजीच्या जुन्या सुती साडीत बांधा. बोचकं वरच्या रॅकवर ठेवा, सीटखाली नको.
३. प्रवासात अंगावर फक्त चिलखताच्या आत घालायचा पोशाख घाला. पाठीचे पट्टे स्वतःला बांधता येत नाहीत, म्हणून कोण कोणाला चिलखत चढवणार ते निघण्याआधीच ठरवा.

तुटलंच तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप पुरते. चिकटवायचं रबर सोल्यूशन मात्र सोबत घेऊ नका, ज्वलनशील वस्तूंना ट्रेनमध्ये मनाई आहे.