झिरो ए.डी.त हात घालण्याआधी या चुका टाळा

झिरो ए.डी. हा स्वयंसेवकांनी मिळून बनवलेला, प्राचीन राज्यांच्या लढायांचा मुक्त संगणक खेळ. त्यात काम करायला नवा माणूस आला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, "यात मराठे कधी येणार?" येणार नाहीत. खेळाचा काळ इ.स.पू. ५०० ते इ.स. १ आहे. (शून्य हे वर्षच नव्हतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. बग म्हणून नोंदवू नका.) सातवाहन त्या काळात बसतात, नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख इ.स.पू. पहिल्या शतकातला मानतात. पण अख्खी नवी संस्कृती खेळात आणणं हे पहिलं काम नव्हे. असे उत्साही लोक दोन महिन्यांत गायब होतात आणि मागे अर्धवट फोल्डर उरतं. आधी एखादं टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र) नीट करून दाखवा.

इतिहास आठवणीतून रंगवू नका. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. मौर्यांच्या घराचं मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करत होतो. डोळ्यांसमोर आजोळचं घर होतं, म्हणून छपरावर लाल मिरच्या वाळत घातल्या. देठासकट, एकेक मिरची वेगळी, दोन रात्री घालवून. उंचावरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यात ते देठ दिसणारही नव्हते, पण तेव्हा कोण ऐकतंय! काम तपासणाऱ्याने एवढंच विचारलं, "चंद्रगुप्ताला मिरची कुणी दिली?" मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. म्हणजे मी अठराशे वर्षं आधीच ठेचा वाटायला बसलो होतो. मका, टोमॅटो, बटाटा, तंबाखू हेही त्याच कारणाने बाद. आता मी मौर्य काळाचं काही करायचं म्हटलं की भाजे लेण्याचे स्वतः काढलेले फोटो आधी उघडतो. लेणं थोडं नंतरचं, पण लाकडी बांधकाम कसं दिसायचं ते तिथे कातळात कोरलेलं आहे.

स्वतःच्या फोटोंचा आणखी एक फायदा म्हणजे परवान्याची कटकट नाही. गूगलवरून उचललेलं चित्र आणि 'फक्त अव्यावसायिक वापरासाठी' असलेलं टेक्स्चर, दोन्ही परत येतात. फुकट मिळालं म्हणजे मुक्त झालं असं नव्हे.

आता माझा सगळ्यात नावडता घोळ. मल्टीप्लेअरमध्ये सैनिकांच्या जागा नेटवरून जात नाहीत, फक्त हुकूम जातात. आठ खेळाडू असतील तर आठही संगणक तीच लढाई आपापली लढतात आणि उत्तर तंतोतंत जुळावं लागतं. नाही जुळलं की 'आउट ऑफ सिंक'.

एकदा मी गमावलेल्या हत्तींवरून नव्या हत्तीची किंमत ठरवणारा छोटा बदल केला होता. मोजणीचा आकडा कंपोनंटच्या (खेळाची स्थिती सांभाळणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) आत ठेवायचा सोडून त्याच्याबाहेर, फाइलच्या डोक्यावर ठेवला. एकट्याने खेळताना झकास चालला. शनिवारी रात्री चौघे बसलो, विसाव्या मिनिटाला एकाकडची लाइट गेली. तो परत जोडला गेला, कुणीतरी नवा हत्ती तयार करायला घेतला आणि 'आउट ऑफ सिंक' होऊन खेळ कोसळला. मी तासभर त्याच्या नेटला शिव्या घालत होतो. परत येणाऱ्याला कंपोनंटमधली जपलेली स्थितीच मिळते. फाइलच्या डोक्यावरचा आकडा त्यात नव्हताच, त्यामुळे त्याच्याकडे गमावलेले हत्ती शून्य आणि आमच्याकडे सहा. जतन केलेला खेळ उघडला असता तरी तो आकडा असाच हरवला असता.

तेव्हापासून माझी सवय अशी: दहा मिनिटं खेळायचं, जतन करायचं, खेळ पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा. मग सीरियलायझेशन टेस्टचा (जपलेली स्थिती पुन्हा उघडून मूळ खेळाशी ताडून पाहण्याचा) पर्याय लावून एक फेरी. खेळ मुंगीच्या पावलांनी चालतो म्हणून नवखे ही पायरी गाळतात आणि वर लिहितात, "माझ्याकडे तर चाललं." तुझ्याकडेच चालवायचं असेल तर पाठवतोस कशाला?

एआयकडून लिहून आणलेला पॅच (कोडमधला बदल) मी नाकारत नाही. पण 'ही ओळ इथे का आहे?' याला उत्तर नसेल तर मी पुढे वाचत नाही. एकाच पॅचमध्ये तीन दुरुस्त्याही नकोत.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एकच: टक्क्याच्या खुणेनंतर कंसात जे इंग्रजी नाव असतं ते भाषांतरासाठी नसतं. तिथे खेळ स्वतः खरा मजकूर भरतो, उदाहरणार्थ खेळाडूचं नाव. एकाने तिथे 'खेळाडू' असं शुद्ध मराठी लिहिलं होतं. व्याकरण चोख होतं, फक्त नाव दिसत नव्हतं.