खाऱ्या वाऱ्यातली जुनी व्हीटेक: घरच्या अंगणात काम करताना

रत्नागिरी किंवा मालवणसारख्या किनाऱ्यालगतच्या गावात जुनी होंडा सिटी व्हीटेक घरी दुरुस्त करायची असेल, तर इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा आणि पहिले काही आठवडे गंजाला द्यावेत. दिसायला साधी सेडान असली, तरी १४९३ सीसीच्या इंजिनातून १०६ बीएचपी देणाऱ्या या गाडीला अनेक हौशी चालकांनी आपली स्पोर्ट्स कार मानले आणि त्यात फारसे चुकीचे काही नव्हते.

गाडी उचलण्यापूर्वी ती कशावर टेकवायची हे ठरवावे. कोकणात हाताशी जांभ्याचा चिरा असतोच. मीही एकदा दोन चिरे रचून त्यांवर गाडीची पुढची बाजू टेकवली, चाक काढले आणि पाना आणायला पडवीत गेलो. परत येईपर्यंत वरचा चिरा कोपऱ्यातून फुटून तांबडा भुगा झाला होता आणि ब्रेकची डिस्क जमिनीत रुतली होती. भिंतीत जांभा भार पेलतो, कारण तेथे तो चिऱ्याच्या सगळ्या अंगावर पसरलेला असतो. गाडीच्या पत्र्याची धार मात्र सगळे वजन एका रेषेत आणते. म्हणून लोखंडी जॅक स्टँडच वापरावेत, मातीच्या अंगणात त्यांच्याखाली जाड फळी घालावी आणि काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवावे.

गंजाचे काम ऑक्टोबरच्या उन्हात सुरू करावे. गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी आणि दोन दिवस कडकडीत वाळू द्यावी, कारण हवेतले मीठ पत्र्यावर ओल धरून ठेवते आणि गंज तेथूनच पसरतो. नंतर वायपरखालची जाळी काढावी. तेथे आंब्याचा मोहोर आणि सुकी पाने कुजून काळा गाळ झालेला आढळतो. तो पाणी जाण्याची भोके बुजवतो आणि पाणी हळूहळू पायाखालच्या गालिच्यात उतरते. चाकांच्या कमानी, दाराखालच्या पट्ट्या आणि स्टेपनीची खोलगट जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. आवाज बसका आला, तर पत्रा आतून खाल्लेला आहे असे समजावे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, फॉस्फोरिक ॲसिडचे रस्ट कन्व्हर्टर लावून, इपॉक्सी प्रायमर आणि रंग देता येतो. भोक पडले असेल, तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यावा आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. लांबी (पुट्टी) भरून भोक झाकणारा डेंटर स्वस्त वाटतो, पण पुढच्या मिरगापर्यंत ती लांबी फुगून येते.

इंजिनात तेलाची पातळी आधी पाहावी. व्हीटेक म्हणजे झडपांची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा; तिच्यात वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या वेगाला) तेलाच्या दाबाने पिना सरकून रॉकर, म्हणजे झडपा दाबणारे दांडे, एकमेकांत अडकतात आणि झडपा अधिक उघडतात. तेल कमी किंवा घाण असेल, तर हा बदल होत नाही आणि गाडी मरगळलेली वाटते. हे तेल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची, म्हणजे सोलेनॉइडची, बारीक जाळीही त्याच वेळी साफ करावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे; डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि आंबा घाटाच्या उतारावर तो फरक पायाला कळतो.

बदल करताना बंपरच्या खालच्या कोपऱ्यातून हवा ओढणारा इनटेक बसवू नये. तुंबलेल्या रस्त्यावर तो पाणीच ओढेल आणि कनेक्टिंग रॉड वाकेल. स्प्रिंग फार बुटक्या घेऊ नयेत. चांगले टायर, नवे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि ब्रेक पॅड यांनी गाडी जास्त बदलते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीतील मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार चालत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल पुसून माळ्यावर ठेवावा.

चाके परत बसवताना नट १०८ न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नासेक किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा तपासावेत.