शफलबॉटम आडनावाचा माग काढताना या चुका टाळा

शफलबॉटम हे दुर्मीळ इंग्रजी आडनाव ऐकून लोक आधी हसतात आणि मग आजच्या उच्चारावरून त्याचा अर्थ लावतात. तसं करू नका. आपल्या 'कर' लागणाऱ्या आडनावांसारखंच हे ठिकाणावरून पडलेलं आहे. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात 'बरी' गावाजवळचं शिपरबॉटम हे त्याचं मूळ. 'शिप' म्हणजे मेंढी, 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ. रॅम्सबॉटम, लाँगबॉटम याच घडणीची.

एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. चर्चच्या नोंदवहीत पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. शिपरबॉटम, शफलबॉथम, शूबॉथम ही सगळी रूपं तपासावीच लागतात. वंशावळीच्या वेबसाइटवरच्या सर्चमध्ये एस-एच, फुली (*, म्हणजे मधली कोणतीही अक्षरं), बी, फुली, टी, फुली, एम असं टाका. तिन्ही एकदम सापडतात. निकाल फार आले तर पॅरिशने (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाने) गाळा, स्पेलिंगने नको.

सगळ्यात जास्त वंशवृक्ष बिघडतात ते तारखांमुळे. नेहमीचा घोटाळा असा: आईवडिलांचं लग्न मे १७२०, मुलाचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १७२०. नवशिका लगेच ठरवतो की मूल लग्नाआधीचं. मग तो शेजारच्या पॅरिशमध्ये दुसरा बाप शोधतो, त्याच नावाचा माणूस मिळाला की खूश होतो आणि अख्खी फांदी परक्या घराला जोडून टाकतो. पुढचे लोक ती तशीच उतरवून घेतात. खरं तर इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७२१ चा, लग्नानंतर नऊ महिन्यांचा. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधली जुनी तारीख उतरवताना १७२०/२१ असं जोडवर्षच लिहा, आणि आयत्या यादीवर न थांबता मूळ पानाचा फोटो उघडा. तिथे डिसेंबर १७२० च्या नोंदींनंतर फेब्रुवारी १७२० येतो, ते डोळ्यांना दिसतं.

१८४१ च्या जनगणनेतलं वय शब्दशः घेऊ नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचच्या पटीत खाली आणायची सूचना होती. ३९ चा माणूस ३५ चा दिसतो.

'आडनावाचं कुलचिन्ह' (कोट ऑफ आर्म्स) विकत घेऊ नका. इंग्लंडमध्ये ते व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

आणि थेट मध्ययुगात उडी मारायची घाई तर अजिबात नको. सरकारी जन्मनोंदणी जुलै १८३७ पासूनची, चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासूनच्या. जिवंत पिढीपासून एकेक दाखला लावत मागे जा; एक पिढी सुटली की तिथेच थांबा.