‘म्हणजे’ला इंग्रजीत काय म्हणावे?

लातूर-नांदेडकडे मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांचे इंग्रजी व्याकरणापेक्षा ‘म्हणजे’वर अधिक अडते, असे मला वाटते. मराठीत हा एकच शब्द व्याख्या देतो, अवघड वाक्य सोपे करतो, निष्कर्ष काढतो आणि काही सुचेनासे झाले की थोडा वेळही मिळवून देतो. इंग्रजीत मात्र या प्रत्येक कामासाठी वेगळा शब्दप्रयोग आहे. म्हणून आपला ‘म्हणजे’ नेमके कोणते काम करतो आहे, ते आधी ओळखावे.

दोन्ही बाजू तंतोतंत समान असतील, तर ‘दॅट इज’ वापरावे : ‘वन टीएमसी, दॅट इज, अ थाउजंड मिलियन क्युबिक फीट’.

आता सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त साठ्याच्या जायकवाडीत पाचच टक्के पाणी उरले आहे, असे समजू. ‘द लाइव्ह स्टोरेज इज डाउन टू फाइव्ह पर्सेंट’ हे वाक्य पाटबंधारे खात्यातल्या माणसाला पुरते. इतरांसाठी पुढे ‘इन अदर वर्ड्स, द डॅम इज ऑलमोस्ट एम्प्टी’ असे म्हणावे. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा आखूड आणि रोजच्या शब्दांतले हवे, नाहीतर ते सांगण्यात अर्थ नाही. मात्र ‘पाच टक्केच पाणी आहे, म्हणजे यंदा ऊस लावायचा नाही’ या वाक्यातला ‘म्हणजे’ निष्कर्षाचा आहे. तेथे ‘इन अदर वर्ड्स’ चालत नाही, ‘सो’ लागते. सर्वांत जास्त चुका येथेच होतात.

ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसले, तर ‘लेट मी पुट इट अनदर वे’ म्हणावे, कारण त्यात सांगण्यातली उणीव आपण स्वतःकडे घेतो. ‘टू पुट इट सिम्पली’ चुकीचे नाही, परंतु मुलाखत घेणाऱ्या साहेबांसमोर ते ‘तुम्हाला झेपेल असे सांगतो’ अशा सुरात ऐकू येऊ शकते. वेळ काढण्यासाठीच्या ‘आय मीन’ऐवजी गप्प राहिलेले बरे.

लिहिताना ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ ही लॅटिन संक्षिप्त रूपे जपून वापरावीत. पहिल्याचा अर्थ ‘म्हणजेच’, दुसऱ्याचा ‘उदाहरणार्थ’. ‘खरीप क्रॉप्स, आय. ई. सोयाबीन’ असे लिहिले, तर आपली तूर, मूग आणि उडीद खरिपातून बाद होतात.