दम लागतो म्हणून बॉक्सिंग टाळू नका: वजन वाढलेल्या माणसाने पहिले दोन महिने कसे काढायचे

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या पट्ट्यात चाळिशीचा माणूस बॉक्सिंगला जातो म्हटलं की लोक विचारतात, "काहून बाप्पा, कोनासंग भांडन झालं का?" त्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही, मला अडवलं ते माझ्याच डोक्यातल्या एका वाक्याने, की आधी थोडं वजन उतरवतो, थोडं पळतो आणि मग जातो. कृषी केंद्राच्या खुर्चीवर रोजचे दहा-अकरा तास, वजन ९६, एक जिना चढलो की धाप, आणि ते "आधी फिट होतो" काही झालंच नाही कारण पेरणी आली, मग फवारणीचा सीझन, मग कापूस, मग लग्नसराई, असं दीड वर्ष गेलं. म्हणून सांगतो, दम नसेल तर तसेच जा, दम तिथेच तयार होतो. फक्त कसं जायचं ते समजून घ्या, कारण माझ्यासोबत सुरू केलेले चार जण पंधरा दिवसांत सोडून गेले आणि चौघांची चूक एकच होती, पहिल्याच आठवड्यात अठरा वर्षांच्या पोट्ट्यांच्या बरोबरीने मारायला गेले.

मी पण पहिल्या दिवशी तेच केलं. ठोसे मारायची टांगलेली बॅग समोर दिसली आणि सगळी ताकद लावून मारत सुटलो, चाळीस सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. शिकवणारे सर आले, पाणी दिलं आणि म्हणाले, "काका, मारू नका, नुसता हात लावा. परवा यायचं हाय ना तुमाले?" पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका वाक्यातूनच आलंय.

जास्त वजन हा या खेळात दोष नाही, इथे वजनाचे गटच असतात. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते ८१ किलोच्या वरच्या गटात. घरातल्या पोरींना, वहिनींना जायचं असेल तर त्यांनाही हे सांगा. लेगिंग आणि सैल टी-शर्ट पुरतो, फक्त ओढणी आणि बांगड्या घरी ठेवायच्या.

जायच्या आधी बीपी आणि शुगर तपासून घ्या, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊन जातं. चाळिशी ओलांडली असेल, घरात कोणाला हार्टचा त्रास असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी असा असा व्यायाम सुरू करतोय, ईसीजी काढायचा का. हर्निया, मणक्यात गॅप, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन यापैकी काही असेल तर विचारल्याशिवाय जाऊच नका.

जिम कशी निवडायची? तालुक्याच्या गावी एखादीच असते म्हणून निवडीला वाव कमी, पण एक संध्याकाळ नुसतं जाऊन बसा आणि बघा. सर फक्त चांगल्या पोरांकडे बघतात की मागे कोपऱ्यात धडपडणाऱ्यालाही हात धरून दाखवतात? नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात कोणासमोर उभं करून मारामारी खेळायला लावत असतील तर तिथून सरळ घरी या. काही ठिकाणी बॅग टांगलेली असते पण शिकवणारा नुसता डंबेलवाला असतो, तिथे शरीर बनेल, बॉक्सिंग येणार नाही. अकोला जवळ असेल तर तिथे सरकारी क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग असल्यामुळे हा खेळ नीट शिकलेली माणसं त्या भागात सापडतात, त्यांच्याकडे चौकशी करा. आणि सरांना पहिल्या दिवशीच सगळं खरं सांगा, वजन, गुडघे, चालू गोळ्या, रात्री दारू घेतली असेल तर तेही. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी हवी तितकी वाढतच नाही, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून "अजून बराच दम आहे" असं समजू नका.

सामान थोडंच लागतं. बूट सपाट तळव्याचे हवेत, जाड टाचेच्या रनिंग शूजवर वळताना घोटा मुरगळतो, साधे कॅनव्हासचे चालतात. हाताच्या पट्ट्या मात्र स्वतःच्या घ्या, साडेचार मीटरच्या, छोट्या घेतल्या तर मनगटाला पुरत नाहीत. ग्लोव्हज सुरुवातीला जिमचे वापरा आणि महिनाभर टिकलात तर घ्या, वजन ८५-९० च्या वर असेल तर १६ औंसचे, कारण आपला ठोसा जड पडतो आणि मधली गादी पातळ असली तर मार आपल्याच बोटांच्या गाठींना बसतो.

पट्टी बांधणं पहिल्याच दिवशी शिका, दुसऱ्याकडून बांधून घेत राहू नका. पट्टीच्या टोकाचा फास अंगठ्यात अडकवायचा, पट्टी हाताच्या मागून घेत मनगटाला तीन वेढे, मग गाठींवर तीन वेढे, मग बोटांच्या फटींतून एक एक करून मनगटाकडे आणायची, अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली परत मनगटावर. बांधताना बोटं पसरलेली ठेवा. मूठ वळल्यावर घट्ट वाटली पाहिजे आणि हात उघडल्यावर सैल, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा.

आता दम. जिममध्ये घंटा, म्हणजे एक फेरी, तीन मिनिटांची असते आणि मध्ये एक मिनिट आराम, ते स्पर्धेचं माप आहे, आपलं नाही. तुम्ही एक मिनिट करा, एक मिनिट चाला, असं सहा-सात वेळा झालं की पहिल्या आठवड्यात पुष्कळ झालं. दोरीवर उड्या मारणं सगळ्यात आधी सुरू होतं आणि जड माणसाचे गुडघे आणि पिंढऱ्या तिथेच जातात, म्हणून आधी दोरी न घेता नुसत्या टाचा उचला, मग तीस सेकंद दोरी, तीही मातीवर किंवा मॅटवर, सिमेंटच्या फरशीवर नाही. दोरीच्या मधोमध पाय ठेवला की मुठी काखेपर्यंत याव्यात, तितकी लांबी बरोबर. किती जोरात करायचं याचं माझं माप सोपं आहे, नाव आणि गाव एका श्वासात सांगता आलं पाहिजे, येत नसेल तर हळू व्हा. घंटा वाजली की मटकन खाली बसू नका, चालत राहा.

उभं राहणं हा खरा पहिला धडा आहे आणि लोक तो दोन दिवसांत उरकून टाकतात. उजव्या हाताचा माणूस असेल तर डावा पाय पुढे, पाय खांद्याइतके रुंद, मागची टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाच्या हाडापाशी, कोपरं फासळ्यांना लागून. पाठीवर भरलेला फवारणीचा पंप घेऊन ओल्या तासातून चालताना आपण गुडघे थोडे सैल ठेवतो आणि वजन मधोमध ठेवतो ना, अगदी तसंच. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी, मागे जायचं तर मागचा आधी, आणि पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत. मी तीन आठवडे घराच्या अंगणात रोज दहा मिनिटं नुसतं हेच केलं आणि त्याचा जेवढा फायदा झाला तेवढा बॅगचा झाला नाही.

ठोसे सुरुवातीला दोनच, पुढच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे जॅब आणि मागच्या हाताचा सरळ ठोसा म्हणजे क्रॉस. अंगठा बोटांच्या बाहेर, मनगट सरळ, लागल्या पाहिजेत त्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठी. ताकद हातातून येत नाही हे आपल्याकडच्या माणसाला समजवावं लागत नाही, युरियाची ४५ किलोची बॅग खांद्यावर घेताना पाय आणि कंबरच उचलते, हात नुसते धरतात, क्रॉस मारताना मागचा पाय आणि कंबर तशीच फिरवायची. प्रत्येक ठोशाला तोंडाने फुस्स करून श्वास सोडा. नवीन माणूस श्वास रोखून मारतो, खांदे कानापर्यंत चढवतो आणि मग म्हणतो की माझ्यात दमच नाही, अर्धा दम तर रोखून धरलेल्या श्वासातच जातो. बॅगवर पहिले दोन महिने निम्म्याच ताकदीने मारा. मारल्यावर हात लगेच गालापाशी परत आला का, ते आधी बघा.

छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, थंड घाम यातलं काहीही झालं तर थांबा आणि दवाखाना गाठा, लाजू नका. बाकी अंग दुखणं वेगळं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप जातं. म्हणूनच सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस जा, रोज नको.

आपल्याकडचं ऊन वेगळं सांगायला नको. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ पर्यंत जातो आणि बहुतेक हॉल टिनाचे असतात, संध्याकाळी सहालाही आत भट्टी असते, तेव्हा पहाटेची बॅच धरा. खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी पिववत नाही म्हणून लोक न पिताच व्यायाम करतात, घरून दोन लिटर भरून न्या आणि नंतर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी घ्या. ज्या दिवशी शेतात फवारणी केली त्या दिवशी जिमला जाऊ नका, घरी येऊन साबण लावून आंघोळ करा आणि आराम करा. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ते आपण पाहिलंय, आणि मळमळ किंवा गरगर झाली तर ती औषधामुळे की व्यायामामुळे हे तुम्हाला कळणार नाही.

खाणं बंद करू नका. जायच्या दोन-तीन तास आधी जेवण किंवा तासभर आधी एखादं केळ, आल्यावर भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, चालत असतील तर दोन अंडी. महागडे पावडरचे डबे या टप्प्यावर लागत नाहीत. एका दिवसात दीड किलो उतरलं म्हणून खूश होऊ नका, ते घामाचं पाणी असतं, पाणी प्यायलं की परत येतं. दुकानात काटा समोरच असल्याने मी रोज चढायचो, मग बंद केलं आणि वहीत लिहायला लागलो की आज किती मिनिटं न थांबता झालं. दोन महिन्यांनी तीन मिनिटांची पूर्ण घंटा झाली तेव्हा वजन फक्त चार किलो उतरलं होतं, पण जिना चढून मी फोनवर बोलू शकत होतो.

समोरासमोर खेळायची घाई करू नका, निदान चार महिने तरी नाहीच, आणि नाही खेळलात तरी चालतं, मी अजून खेळत नाही. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. कधी डोक्याला मार लागून डोकं दुखलं, उलटी झाली, काही आठवेना तर स्वतः गाडी चालवत गावाकडे निघू नका, कोणाला तरी सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

गाव लांब असेल, शेवटची एसटी चुकत असेल, तर मधल्या दिवसांसाठी घरी बॅग करा. दोन पोती एकात एक घालून जुन्या साड्या, चिंध्या गच्च भरा आणि कडुलिंबाच्या जाड फांदीला बांधा. रेती भरू नका, ती चार दिवसांत खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट जातं.

ग्लोव्हज आणल्या आणल्या पिशवीतून काढून आत पेपरचे बोळे कोंबा आणि सावलीत वारं लागेल तिथे ठेवा. पट्ट्या दर वेळी धुवायच्या, आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यात धुतल्या तर कडक होऊन कातडी सोलतात, शेवटचं एक पाणी तरी नळाच्या गोड पाण्यातून काढा आणि वाळल्या की फासाचं टोक सगळ्यात वर येईल अशा गुंडाळून ठेवा, म्हणजे परवा गेल्यावर लगेच अंगठ्यात अडकवता येतात.